एल्डर स्क्रोल्स: कोणता गेम किती गुंतागुंतीचा, हे मोजायचं कसं

डॅगरफॉलमध्ये ३५ स्किल्स (पात्राची कौशल्यं), मॉरोविंडमध्ये २७, ऑब्लिव्हियनमध्ये २१, स्कायरिममध्ये १८. ‘द एल्डर स्क्रोल्स’ ही बेथेस्डा कंपनीची व्हिडिओ गेम मालिका भागागणिक सोपी होत गेली हे पटवायला बहुतेक जण हीच उतरती भाजणी पुढे करतात. आकडे खरे आहेत, पण त्यांतून निघणारा अर्थ तेवढा सरळ नाही. डॅगरफॉलच्या ३५ पैकी ९ स्किल्स म्हणजे ऑर्क, हार्पी, जायंट, निम्फ वगैरेंच्या भाषा. त्या येत असल्या तर समोरचा प्राणी कधीकधी हल्ला करत नाही, इतकाच त्यांचा उपयोग. मॉरोविंडची २७ ऑब्लिव्हियनमध्ये २१ झाली, त्यात दोन नुसती जोडणी आहेत: लहान आणि लांब पातं मिळून ‘ब्लेड’ झालं आणि कुऱ्हाड ‘ब्लंट’मध्ये गेली. भाला, मध्यम चिलखत, बिनचिलखताचा बचाव आणि एन्चांट (वस्तूंना जादू भारणं) ही चार मात्र खरोखर गळाली. पैकी एन्चांट स्कायरिममध्ये परत आलं, तेही आधीपेक्षा जास्त वजन घेऊन.

म्हणून मोजायला बसताना गुंतागुंतीचे चार भाग वेगळे धरा. ठरवायच्या गोष्टी किती, हा पहिला. ठरवताना परिणाम डोळ्यांना दिसतो का, हा दुसरा. चूक झाली तर ती उलटवता येते का आणि न उलटवल्यास किती महागात पडते, हा तिसरा. आणि वाटा, नावं, नियम यांतलं किती डोक्यात ठेवावं लागतं, हा चौथा. वाद बहुधा पहिल्यावरच घातले जातात. खेळताना दमछाक होते ती दुसऱ्या-तिसऱ्यामुळे.

तयारी

चार गेम घ्या: डॅगरफॉल (१९९६), मॉरोविंड (२००२), ऑब्लिव्हियन (२००६), स्कायरिम (२०११). १९९४चा अरीना बाजूला ठेवला तरी चालेल. त्यात वापराने वाढणारी स्किल्सच नाहीत, त्यामुळे तुलनेला पकड मिळत नाही.

मूळ डॅगरफॉल बेथेस्डाने २००९ मध्ये मोफत केला. तो डॉसचा गेम आहे, त्यामुळे चाहत्यांनी नव्याने बांधलेल्या ‘डॅगरफॉल युनिटी’मधून चालवणं सोयीचं पडतं (त्याची १.० आवृत्ती २०२३च्या अखेरीस आली). युनिटीत डंजन (शत्रूंनी भरलेली भुयारं) लहान करण्याचा पर्याय आहे, तो या तपासणीपुरता बंद ठेवा. मूळ डंजनांचा पसारा हाच डॅगरफॉलच्या अवघडपणाचा मोठा वाटा आहे आणि तो पर्याय चालू केला की तुम्ही दुसराच गेम मोजत बसता.

ऑब्लिव्हियनचे दोन अवतार आहेत, २००६चा मूळ आणि एप्रिल २०२५चा रीमास्टर्ड. लेव्हल वाढण्याचे नियम दोन्हींत वेगळे आहेत, त्यामुळे एकाची टिपणं दुसऱ्याला लावू नका. खाली जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे मूळ ऑब्लिव्हियन समजा.

मोड (खेळाडूंनी बनवलेले गेममधले बदल) घालू नका. अवघडपणाची पातळी गेमने दिलेली तशीच ठेवा: मॉरोविंड आणि ऑब्लिव्हियनमध्ये सरकपट्टी मधोमध, स्कायरिममध्ये ‘ॲडेप्ट’. पातळी वाढवल्याने शत्रूचा आणि तुमचा मार कमीजास्त होतो, निर्णयांची संख्या तीच राहते. ‘अवघड’ आणि ‘गुंतागुंतीचं’ यांची गल्लत सगळ्यात जास्त इथेच होते.

एकच पात्र चारही गेममध्ये

तुलना खरी व्हायची तर पात्र सारखं हवं. रेडगार्ड घ्या. हा वंश चारही गेममध्ये आहे आणि तलवारीकडे त्याचा कल सगळीकडे कायम आहे. (इम्पीरियल घेऊ नका, डॅगरफॉलमध्ये ते निवडताच येत नाहीत.) लांब तलवार, ढाल, जमेल तसं चिलखत, थोडी बरं करणारी जादू, एवढंच पात्र.

थांबायची खूणही सारखी ठेवा: कोणत्या तरी एका गिल्डचं (गेममधल्या संघटनेचं) पहिलं काम पूर्ण आणि लेव्हल ५. तासांवर मोजू नका. मॉरोविंडमध्ये चालण्यात जाणारा वेळ आणि स्कायरिममध्ये इकडेतिकडे बघत भटकण्यात जाणारा वेळ यांची बेरीज करून हाती काही लागत नाही.

वहीत चार रकाने आखा आणि खेळताना खुणा करत चला:

- गेमने पर्याय विचारला आणि तुम्ही निवडला
- निवडलं, पण परिणाम काय होणार ते पडद्यावर कुठेच नव्हतं
- मागे जाऊन जुनं सेव्ह उघडावं लागलं
- गेम थांबवून बाहेर शोधावं लागलं

पात्र घडवण्याच्या पडद्यावरच पहिल्या रकान्यातला फरक दिसतो. डॅगरफॉलमध्ये स्वतःचा वर्ग बनवताना ३ प्राथमिक, ३ मुख्य आणि ६ दुय्यम स्किल्स निवडायची, शिवाय फायदे आणि उणिवा. उणीव घेतली की लेव्हल लवकर वाढते, फायदा घेतला की हळू. पडद्याच्या बाजूला काढलेला खंजीर ०.३ पासून ३.० पर्यंत वरखाली होऊन त्याची किंमत दाखवतो. मॉरोविंडमध्ये ५ मुख्य, ५ दुय्यम, एक विशेष क्षेत्र, दोन आवडती ॲट्रिब्यूट (ताकद, चपळाई यांसारखे मूळ गुण) आणि १३ पैकी एक जन्मरास. ऑब्लिव्हियनमध्ये ७ मुख्य आणि बाकी तसंच. स्कायरिममध्ये फक्त वंश. ॲट्रिब्यूट आठही गेली, उरली ती हेल्थ (जीव), मॅजिका (जादूशक्ती) आणि स्टॅमिना (दम). दर लेव्हलला यांपैकी एकात १० वाढवायचे.

इथपर्यंत भाजणी खरी वाटते. पण दुसरा रकाना बघा. डॅगरफॉलचा खंजीर प्रत्येक सवलतीची किंमत तिथल्या तिथे दाखवतो. ऑब्लिव्हियनचा पडदा नीटनेटका आहे, पण ‘ॲथलेटिक्स’ (धावणं) मुख्य स्किल म्हणून घेतलं तर पुढे काय होईल याचा चकार शब्द तिथे नाही.

एक वार, चार हिशोब

गुंतागुंत कुठे लपली आहे ते तपासायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे तलवारीचा एक वार.

मॉरोविंडमध्ये पातं शत्रूला भिडताना दिसलं तरी वार लागेलच असं नाही. पडद्याआड फासा पडतो. हिशोब असा: शस्त्राचं स्किल, अधिक चपळाईचा (ॲजिलिटी) पाचवा भाग, अधिक नशिबाचा (लक) दहावा भाग. या बेरजेला दमाने गुणायचं. हिरवी पट्टी पूर्ण भरलेली असेल तर १.२५, रिकामी असेल तर ०.७५. त्यातून शत्रूची चुकवण्याची ताकद वजा. तीही चपळाई, नशीब आणि दम यांवरच ठरते.

आपल्या रेडगार्डचं लाँग ब्लेड मुख्य असल्यामुळे ३०, लढाई हे विशेष क्षेत्र घेतल्याचे ५ आणि वंशाचे १५, म्हणजे ५०. चपळाई ४०, नशीब ४०. बेरीज ५० + ८ + ४ = ६२. दम पूर्ण असेल तर ७७.५. समोरच्याची चपळाई आणि नशीबही ४० धरलं आणि तोही दमलेला नसला, तर १५ वजा करून ६२.५ टक्के. आता तोच रेडगार्ड धावत आला आणि पट्टी रिकामी झाली: ६२ × ०.७५ = ४६.५, वजा १५, उरले ३१.५ टक्के. संधी निम्म्यावर आली, आणि गेमने त्याबद्दल काही सांगितलेलं नाही.

गेम जिथे सुरू होतो त्या सेडा नीन गावच्या जकात कचेरीत मिळणारा लोखंडी खंजीर हातात घेतला तर आणखी वाईट. शॉर्ट ब्लेड निवडलेल्यांत नाही म्हणून ५, वंशाचे ५, एकूण १०. (१० + १२) × १.२५ = २७.५, वजा १५, म्हणजे १२.५ टक्के, आठ वारांत एक. ‘मॉरोविंडमध्ये मारताच येत नाही’ ही नवख्यांची तक्रार बहुतेक वेळा इथून सुरू होते. उपाय दोन: जे स्किल मुख्य घेतलं तेच शस्त्र वापरा आणि लढाईआधी धावणं थांबवून चाला. हे एकदा कळलं की लेव्हल ३ नंतर मॉरोविंडची लढाई चारही गेममध्ये सगळ्यात कमी विचार मागते.

डॅगरफॉलमध्येही फासा आहे, वर धातूची अट. पहिल्याच डंजनमधल्या, प्रायव्हेटियर्स होल्डमधल्या, इम्पला (छोट्या राक्षसाला) लोखंडी शस्त्राने इजा होत नाही, निदान पोलाद हवं. पात्र घडवतानाच्या पार्श्वभूमीच्या प्रश्नांत एबनी या भारी धातूचा खंजीर मिळत असेल तर डोळे झाकून घ्या.

ऑब्लिव्हियनपासून वार भिडला की लागतो. स्किल, ताकद, शस्त्राची अवस्था आणि दम यांनी फक्त किती लागतं ते बदलतं. स्कायरिममध्ये ते आणखी आटोपशीर: एकहाती शस्त्रांचं स्किल आणि वर ‘आर्म्समन’ पर्क (लेव्हल वाढल्यावर निवडायची खास क्षमता), पाच पायऱ्यांचा, प्रत्येकी २० टक्के. किती फायदा होणार ते पर्कवरच लिहिलेलं आहे.

लेव्हलचा सापळा

इथे भाजणी मोडते, म्हणून या भागाला जास्त वेळ द्या.

मॉरोविंड आणि ऑब्लिव्हियनचा नियम वरवर एकच आहे. ठरलेली स्किल्स मिळून १० वेळा वाढली की झोपायचं, लेव्हल वाढते आणि तीन ॲट्रिब्यूट निवडायची. कोणतं ॲट्रिब्यूट किती वाढणार हे मधल्या काळात त्याच्याशी जोडलेली स्किल्स किती वाढली त्यावर ठरतं: एकही नाही तर १, १ ते ४ वाढींना २, ५ ते ७ ला ३, ८-९ ला ४ आणि १० किंवा जास्तला ५. नशीब कायम १.

तिन्ही ॲट्रिब्यूटमध्ये ५ हवे असतील तर एका लेव्हलमागे ३० स्किल-वाढी लागतात. लेव्हल ढकलतात त्या १०च. म्हणजे उरलेल्या २० लेव्हल न ढकलणाऱ्या स्किल्समधून यायला हव्यात. खेळताना ही आकडेमोड वहीत ठेवावी लागते, कारण ऑब्लिव्हियन ती लेव्हल वाढण्याचा पडदा येईपर्यंत दाखवत नाही.

मॉरोविंडमध्ये ही आकडेमोड सोडून दिली तरी फारसं बिघडत नाही. जगातले बरेचसे शत्रू आणि वस्तू हाताने मांडून ठेवलेल्या आहेत, तुमची लेव्हल बघून ते सगळे वाढत नाहीत. पैसे असतील तर शिक्षकाकडून हवं तितकं शिकताही येतं. एक अट मात्र आहे, स्किल त्याच्या ॲट्रिब्यूटच्या वर नेता येत नाही.

ऑब्लिव्हियनमध्ये मात्र जग तुमच्या लेव्हलबरोबर चढतं. वरच्या लेव्हलला पोचलात की रस्त्यावरचा दरोडेखोर काचेच्या महागड्या चिलखतात उभा असतो. ॲथलेटिक्स आणि ॲक्रोबॅटिक्स मुख्य घेतली असतील तर नुसतं धावून आणि उड्या मारून लेव्हल वाढते. तलवार तिथेच, शत्रू मात्र पुढे. शिक्षकाकडे दर लेव्हलला पाचच धडे, त्यामुळे पैशाने खड्डा भरता येत नाही. शिवाय दर लेव्हलला मिळणारी हेल्थ म्हणजे त्या वेळच्या एन्ड्युरन्सचा (सहनशक्तीचा) दहावा भाग, आणि ती मागाहून भरून निघत नाही. एन्ड्युरन्स ४० वर ठेवून १० लेव्हल काढल्या तर ४० हेल्थ, १०० वर ठेवून काढल्या तर १००. मॉरोविंडमध्येही हेच आहे, पण तिथे शत्रू तुमच्या मागोमाग चढत नाही.

सावरायचे मार्ग:

सुरुवातीच्या गटाराच्या दारातून बाहेर पडताना ऑब्लिव्हियन वंश, रास आणि वर्ग पुन्हा बदलू देतो. त्या दाराशी एक वेगळं सेव्ह ठेवा आणि ते कधीच पुसू नका. धावणं-उड्या मुख्य स्किल्समध्ये घेऊ नका. एन्ड्युरन्सशी जोडलेली तीन स्किल्स म्हणजे आर्मरर, ब्लॉक आणि हेवी आर्मर. पहिल्या सहा-सात लेव्हलमध्ये त्यांवर भर द्या. हत्यारं स्वतः दुरुस्त केली की आर्मरर आपोआप वाढतं. आणि मुख्य कथेतलं क्वाच शहराचं काम लवकर उरका. कमी लेव्हलला तिथे बहुतांश स्कॅम्प हे किरकोळ राक्षस भेटतात, उशिरा गेलात तर तगडा डेड्रॉथ आणि त्याची भावंडं.

रीमास्टर्डमध्ये हा हिशोबच काढून टाकला आहे. दर लेव्हलला १२ गुण, ते तीन ॲट्रिब्यूटमध्ये वाटायचे, एकात जास्तीत जास्त ५, आणि नशिबाचा एक गुण चारला पडतो. बाकीची स्किल्सही लेव्हलला हातभार लावतात. स्किल्सची संख्या २१च राहिली, तरी तिसऱ्या रकान्यातल्या खुणा झपाट्याने कमी होतात. नुसत्या संख्येवर मोजणाऱ्याला हे दोन गेम सारखेच दिसतील.

स्कायरिममध्ये सापळा लहान आहे, पण आहे. स्किल ज्या पायरीवर पोचतं तितके अनुभवगुण मिळतात: १५ वरून १६ झालं की १६, ८९ वरून ९० झालं की ९०. पुढच्या लेव्हलला लागणारे गुण म्हणजे सध्याच्या लेव्हलची २५ पट अधिक ७५. पहिल्या लेव्हलला १००, दहाव्या लेव्हलला ३२५. त्यामुळे लोहारकाम ९० पर्यंत नेलं की लेव्हल धडाधड वाढते आणि हातातली तलवार २५ वरच अडकलेली असते. लोहारकाम वाढवायचं असेल तर त्याच्या बरोबरीने लढाईचं एक स्किल चालू ठेवा.

इथे बदलला तो मुळात निर्णयाचा वेळ. मूळ गेममध्ये २५१ पर्क आहेत आणि दर लेव्हलला एक मिळतो. सगळी स्किल्स १०० वर नेली तरी लेव्हल ८१ लाच थांबायची, म्हणजे ८० पर्क. नंतरच्या १.९ पॅचने ‘लेजंडरी’ आणलं: १०० चं स्किल पुन्हा १५ वर आणा आणि त्यातले पर्क परत घ्या. ड्रॅगनबॉर्न विस्ताराची मुख्य कथा संपली की एका ड्रॅगन-आत्म्याच्या मोबदल्यात एका स्किलच्या झाडाचे सगळे पर्क परत मिळतात. सुरुवातीला काही ठरवायचं नाही, पण पुढे दर लेव्हलला ठरवायचं, आणि उलटवायची सोय आहे. याला ‘सोपं’ म्हणण्यापेक्षा ‘उशिराचं’ म्हणणं जास्त बरोबर.

वाट कोण सांगतं

चौथ्या रकान्यासाठी प्रत्येक गेममधलं एक काम घ्या आणि ते पडद्यावर वाट दाखवणाऱ्या खुणेच्या बाणाशिवाय करून बघा.

मॉरोविंडला बाण नाहीच. बाल्मोरा गावच्या फायटर्स गिल्डमधला हॅसफॅट अँटाबोलिस आर्कंगथँडच्या जुन्या अवशेषांमधून ड्वेमर पझल बॉक्स ही पेटी आणायला सांगतो. वाट त्याच्या बोलण्यात आहे, ती वहीत उतरवून पुलापर्यंत जायचं. पोचल्यावर दार उघडत नाही. जवळच्या पाइपवरचा दांडा फिरवावा लागतो. आत गेल्यावर पेटी एका बाजूच्या खोलीत फळीवर असते आणि घाईत तिच्यासमोरून निघून जाणारे पुष्कळ. शोध अवघड आहे, पण लागणारी माहिती बोलण्यात आणि आजूबाजूला मिळते.

स्कायरिममध्ये जर्नलमधून त्या कामाची खूण काढून टाका आणि बोलणाऱ्याचं ऐका. बऱ्याच कामांत तो फक्त गुहेचं नाव घेतो, दिशा सांगत नाही. बाण काढला तर काम अवघड होत नाही, अशक्यच्या जवळ जातं. नोंद करताना हे दोन वेगळे लिहा. मॉरोविंडमध्ये वाट शोधणं हा खेळाचा भाग आहे. स्कायरिममध्ये तो भाग बाणाकडे सोपवला आहे. ऑब्लिव्हियन या बाबतीत स्कायरिमचा थोरला भाऊ.

डॅगरफॉलचं ओझं नकाशाचं कमी, तारखांचं जास्त. बहुतेक कामांना मुदत असते आणि दूरच्या गावाला जायला कित्येक दिवस लागतात. प्रवासाच्या पडद्यावर सावध की बेदरकार, सरायीत की उघड्यावर, पायी की जहाजाने हे निवडल्यावर दिवस आणि खर्च दिसतो. काम स्वीकारण्याआधी तो आकडा मुदतीशी ताडून बघा. मुख्य कथेची सुरुवात लेडी ब्रिसिएनाच्या पत्राने होते. ते दुर्लक्षित केलं तर मुख्य कथाच हातची जाते. डंजनमध्ये शिरताना ‘रीकॉल’ या परत आणणाऱ्या जादूची खूण दाराशी ठोका, नाहीतर काम झाल्यावर बाहेरची वाट शोधण्यातच संध्याकाळ जाते.

मोजताना होणाऱ्या चुका

मंत्र घडवणं स्कायरिममध्ये नाही म्हणून एक गुण वजा, असं करू नका. मॉरोविंडमध्ये ते पैसे देऊन कुणीही करतं. ऑब्लिव्हियनमध्ये आर्केन युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळेपर्यंत, म्हणजे शहरोशहरीच्या मेजेस गिल्डची शिफारसपत्रं मिळेपर्यंत, ते बंदच असतं (‘विझर्ड्स टॉवर’ ही वेगळी जोड घेतली नसेल तर). लेव्हल ५ पर्यंतच्या तपासणीत ऑब्लिव्हियनचा तलवारबाज आणि स्कायरिमचा तलवारबाज इथे सारखेच ठरतात.

चिलखताचे तुकडे मोजण्यात मात्र अर्थ आहे. ढाल धरून मॉरोविंडमध्ये ९, कारण खांद्याचे आणि हाताचे डावे-उजवे वेगळे, ऑब्लिव्हियनमध्ये ६, स्कायरिममध्ये ५. पण मॉरोविंडचे ९ तुकडे जादू भारायला वेगळ्या ९ जागा देतात तेव्हाच त्यांचा निर्णयात फरक पडतो. नुसते अंगावर चढवले तर नऊ वेळा क्लिक करणं एवढंच.

गिल्डच्या बढतीकडे बघायला विसरू नका. मॉरोविंडमध्ये वरच्या पदासाठी ठरावीक ॲट्रिब्यूट आणि स्किल्स लागतात. कामं झाली तरी स्किल कमी असेल तर बढती नाही. स्कायरिममध्ये विंटरहोल्डच्या जादूच्या कॉलेजचा प्रमुख व्हायला जादूगार असावंच लागत नाही. स्किल्सच्या यादीत न दिसणारा हा फरक पात्राच्या घडणीवर सगळ्यात जास्त परिणाम करतो, आणि इथे मॉरोविंड उघड उघड सरस आहे.

चारही वह्या भरल्यावर दुसरी फेरी मोड घालून करा. स्कायरिमला स्काययूआय हा मेनू सुधारणारा मोड लावल्यावर ज्या खुणा गायब होतात त्या निव्वळ मेनूच्या कटकटीच्या होत्या, त्या गुंतागुंतीच्या हिशोबातून वगळा. ऑब्लिव्हियनला लेव्हल वाढण्याचा नियम बदलणारा एखादा मोड लावला आणि तिसरा रकाना जवळपास रिकामा झाला, तर मूळ गेमचा त्रास त्या एकाच नियमात होता. मॉरोविंडचा चौथा रकाना मोडने रिकामा करून बघा. बाण दाखवणारं काही लावलं की बाल्मोराच्या पुढचे कित्येक तास नुसते चालण्याचे उरतात.